मोठ्यांची पाटी कोरी, लहानांची वही उघडीच

नोटाबंदी नोव्हेंबर २०१६ ची, वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ चा आणि टाळेबंदी मार्च २०२० ची. चार वर्षांच्या आत बसलेल्या या तीन तडाख्यांनी लहान दुकाने, वर्कशॉप आणि यंत्रमाग कसे मोडकळीस आले, याची चर्चा आपल्या पक्षात वारंवार झाली आहे. परंतु दाराला कुलूप लागल्यानंतर त्या मालकाचे काय होते, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. त्याच्या वाट्याला येते ती कराची तपासणी. धंदा संपतो, धंद्याचा हिशेब संपत नाही.

कायद्याची रचनाच तशी आहे. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम २९ नुसार नोंदणी रद्द झाली तरी मागील काळाच्या कराची जबाबदारी कायम राहते. शिल्लक मालावर घेतलेली वजावट परत करावी लागते आणि तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे लागते. हे विवरणपत्र नावापुरतेच अंतिम असते. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने वह्या व बिले जपण्याचे बंधन कलम ३६ घालते. ज्याने गाळ्याचे भाडे परवडेना म्हणून गाळा सोडला, त्याने ही दप्तरे ठेवावीत कोठे?

समजा, इचलकरंजीतील सुट्या भागांच्या वर्कशॉपचा मालक २०२० मध्ये कुलूप लावून दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला गेला. त्याच्यावरची नोटीस पोर्टलवर चढवली की ती बजावली गेली असे कायदा मानतो. नोटिशीनंतर ३० दिवसांत कर व व्याज भरणाऱ्याला दंड माफ होता. पण ज्याने नोटीस पाहिलीच नाही, त्याला ती सवलत कशी मिळणार? मग कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये यांपैकी जी रक्कम अधिक, तेवढा दंड. म्हणजे आठ हजारांच्या करावर दंडच दहा हजारांचा, आणि शिवाय दरसाल १८ टक्के व्याज. नोंदणी रद्द झालेल्या व्यापाऱ्याने पोर्टल पाहत राहावे अशी अपेक्षा धरता येत नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले आहे. तथापि दाद मागायला उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत कितीजणांची असते?

मुदतींचा न्याय तर पाहण्यासारखा आहे. सरकारने महामारीचे कारण देऊन स्वतःची मुदत वाढवून घेतली; २०१७-१८ या वर्षाचे आदेश ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत काढता आले. व्यापाऱ्याला अपिलासाठी मात्र तीन महिने आणि फार तर आणखी एक महिना, तेही वादग्रस्त कराचे १० टक्के आधी भरून. पुढचे अपील ज्या न्यायाधिकरणापुढे करायचे, त्याची तरतूद २०१७ ची; उद्घाटन झाले २४ सप्टेंबर २०२५ रोजी! २०२४-२५ पासून लागू झालेल्या कलम ७४अ ने तर चुकणाऱ्याला आणि फसवणाऱ्याला नोटिशीसाठी ४२ महिन्यांची एकच मुदत लावली. पुरवठादाराने कर भरला नाही तर खरेदीदाराची वजावट नाकारली जाते, हे त्याहून विपरीत. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार.

आता मोठ्या कंपनीकडे वळू. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली तिची पुनर्रचना योजना मंजूर झाली, की त्या योजनेत न आलेली सर्व देणी संपुष्टात येतात. त्यांत केंद्र, राज्य व स्थानिक संस्थांची करदेणीही आली, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०२१ रोजी दिला. जुन्या मालकांच्या हातून कंपनी जाते, हे खरे. पण मागचा व्यवहार तेथे मिटतो. त्याच संहितेत व्यक्ती व भागीदारी संस्थांसाठीही एक भाग आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तो लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. एकट्या मालकाला आणि भागीदाराला त्याच्या धंद्याच्या देण्यापासून घर वेगळे काढता येत नाही. कोरी पाटी कोणाला आणि उघडी वही कोणाला, हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नसून वर्गाचा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल, बनावट संस्था काढून, खोटी बिले फाडून, वजावट लाटून नोंदणी रद्द करणारे आहेत. त्यांना मोकळे सोडायचे काय? मुळीच नाही. समाजवादी माणूस करबुडव्याचा कैवार घेऊ शकत नाही. शाळा, दवाखाने आणि रेशन करातूनच चालतात. म्हणूनच फसवणुकीच्या प्रकरणांना दीर्घ मुदत जरूर असावी. पण ती सिद्ध करण्याचा भार खात्यावर असावा, आणि त्यांच्यासाठी विणलेल्या जाळ्यात रोजंदारीवर गेलेला वर्कशॉपवाला अडकू नये.

आपली मागणी स्पष्ट असावी. अंतिम विवरणपत्र दाखल झाल्यापासून एका वर्षात खात्याने तपासणी पुरी करावी, अन्यथा फसवणुकीचा पुरावा नसेल तर प्रकरण कायमचे बंद करावे. बंद धंद्याच्या मालकाला नोटीस घरच्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालानेच जावी. पुरवठादाराने बुडवलेला कर प्रथम त्याच्याकडून वसूल करावा. दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग सर्वांना लागू करावा. दीड कोटींहून कमी उलाढालीच्या करदात्यांपैकी ९० टक्के राज्याच्या यंत्रणेकडे सोपवण्याचे २०१७ मध्येच ठरले होते. तेव्हा राज्य सरकारने दिल्लीकडे बोट दाखवून सुटका करून घेऊ नये.

ठराव करून हे होणार नाही. प्रत्येक जिल्हा कार्यालयात आठवड्यातून एक दिवस कर साहाय्य केंद्र चालवावे, निवृत्त कर कर्मचाऱ्यांना व तरुण सल्लागारांना तेथे बसवावे आणि आलेल्या नोटिशींच्या प्रती जमवाव्यात. शे-दोनशे नोटिशी हाती घेऊन आपण वस्तू व सेवा कर भवनावर गेलो, तर आपले म्हणणे आकड्यांसह मांडता येईल. लहान व्यापारी हा भांडवलदारांचाच धाकटा भाऊ, असे समजून त्याला दूर ठेवण्याची आपली जुनी खोड आहे. जो स्वतः राबतो आणि ज्याचे कुटुंब त्याच्या राबण्यावर जगते, तो श्रमिकच होय. त्याच्या बाजूने आपण उभे राहिलो नाही, तर दुसरे कोणी तरी राहील, आणि त्यांना कर नकोच असेल.