गॅस संपत नाही, गळतो

चैत्राचे ऊन तापू लागले की आपल्याकडे गाडीवाल्यांची एक तक्रार हमखास कानी येते, "एसी थंड करीत नाही, गॅस संपला वाटतं." मग पैसे मोजून गॅस भरला जातो आणि महिन्याभरात पुन्हा तीच रड.

पण वाचकहो, एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो. फार कमी झाला असेल, तर तो कुठेतरी गळला आहे. भोक न बुजवता गॅस भरणे म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी!

पुष्कळदा हे भोक कंडेन्सरला असते. कॉम्प्रेसरने दाबलेला तापलेला गॅस इथे वाऱ्याने निवून द्रवरूप होतो. वारा लागावा म्हणून कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे बसवतात, त्यामुळे पहिला दगड तोच झेलतो. चोर्ल्याच्या घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी त्याच्या पातळ ॲल्युमिनियमला पुरते. गोव्याची खारी हवाही त्याला कुरतडते. गॅसबरोबर तेलही फिरते, म्हणून जाळीवर तेलकट डाग दिसला तर गळती तिथेच समजावी. मात्र गाडी पळताना गारवा आणि सिग्नलला उकाडा, असे होत असेल तर आधी पंखा व जाळीतला चिखल तपासावा.

कंडेन्सर बदलायचाच झाला तर मेस्त्रींना चार गोष्टी जरूर विचाराव्यात. जुना गॅस यंत्रात काढून घेतला का? सांध्यांची रबरी कडी आणि ओल शोषणारा ड्रायर नवा घातला का? किमान अर्धा तास व्हॅक्यूम करून काटा स्थिर राहतो का, ते पाहिले का? तेल व गॅस ठरल्या मापानेच भरले ना? गॅसचे वजन बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले असते. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो.

हा प्रश्न केवळ खिशाचा नाही. जुन्या गाड्यांतील आर-१२ ओझोनचा थर विरळ करीत असे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हटला आणि आर-१३४ए आला. तो ओझोनला निरुपद्रवी, पण वजनास वजन धरता शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. आज गाडीत गारव्यासाठी भरलेला गॅस असा गळत राहिला, तर उद्याचा चैत्र अधिकच तापेल.