माग भांडवल, मग संगणक खर्च कसा?

“संगणक काय टॉवेल विणतो का?” अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माहिती तंत्रज्ञानाचा विषय निघाला की हा सवाल येतोच. सोलापूरने तरी तो विचारू नये. सोलापुरी चादरीवरची नक्षी पिढ्यान्‌पिढ्या पुठ्ठ्याच्या कार्डांतल्या छिद्रांनी उतरवली. कुठला ताण्याचा धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे ती कार्डेच मागाला सांगत. १८०४च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने सिद्ध केलेली हीच युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली. आज इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर कार्डांच्या जागी संगणकातली फाइल आहे. माहितीवाचून इथे नक्षी कधी उमटलीच नाही.

दुसरा आक्षेप असा, की टॅली आहे, जीएसटी भरतो, ई-वे बिल निघते, आणखी काय हवे? पण हे सारे सरकारच्या प्रश्नांना दिलेले उत्तर आहे. पाच कोटींवरच्या उलाढालीला १ ऑगस्ट २०२३पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले, म्हणून ते आले. मालकाचे स्वतःचे प्रश्न तसेच राहतात. व्यापाऱ्याचा फोन येतो, “मागच्याच शेडचे आणखी टॉवेल पाठवा.” तो रंग कुठल्या लॉटचा, हे सुपरवायझरच्या खिशातल्या डायरीत असते आणि सुपरवायझर गावी लग्नाला गेलेला असतो. अंदाजाने माल जातो, शेड जुळत नाही, गाठोडी परत येतात. भाडे दोन्ही वेळचे आपल्याच माथी. हा तोटा कुठल्याच खात्यावर पडत नाही, म्हणून तो कुणाला दिसतही नाही. माग बंद पडला की खडखडाट थांबतो आणि मालक धावत येतो. नोंद चुकली तर आवाज होत नाही. माहिती तंत्रज्ञानाची किंमत न कळण्याचे खरे कारण हेच.

“पैसे घातले, सॉफ्टवेअर पडून राहिले,” ही तक्रार मात्र खरी आहे. रंगाईखात्यात पाऊल न टाकलेल्या माणसाने ते विकले आणि नोंदींचे काम हिशेबनीसाच्या बोकांडी बसले. मागाला फिटर लागतो हे ज्यांना सांगावे लागत नाही, त्यांनी सॉफ्टवेअर सांभाळायला मात्र माणूस नेमला नाही.

कारखानदारांना कळकळीची विनंती आहे: पुढचा माग घेण्याआधी रंगाईचे लॉट, गोदामातला साठा आणि ऑर्डरी यांची नोंद एका जागी आणा, आणि ती राखायला एक जाणता माणूस पगारावर ठेवा.