शेतकऱ्यांची यादी सापडत का नाही?

मराठी डेस्कटॉपचा विषय निघाला की एक उत्तर तयारच असते: मेनू मराठीत मिळतात, तरी लोक ते इंग्रजीतच ठेवतात, म्हणजे गरजच नाही. निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा. ‘सेव्ह’ आणि ‘प्रिंट’ हे शब्द सोयगावच्या सेतू केंद्रात दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही पाठ आहेत. त्यांना संस्कृत अंगरखा चढवून कोणाचे काम हलके होणार? लोकांनी नाकारले ते भाषांतर. मेनू इंग्रजी ठेवणारा ऑपरेटरसुद्धा नावे, अर्ज आणि याद्या दिवसभर मराठीतच टंकतो, आणि त्याची खरी अडचण तिथे आहे.

सोयगाव म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांचा, कपाशीचा तालुका. तिथल्या सेतू केंद्रात एकाच संगणकावर दोघे ऑपरेटर आळीपाळीने बसतात असे धरू. पहिला इन्स्क्रिप्ट कळफलकवाला. ‘शेतकऱ्यांची यादी’ असे फाइलला नाव देताना तो शिफ्ट धरून जे दाबतो, ऱ उमटतो. मग डी दाबून त्याचा पाय मोडतो आणि पुढे य जोडतो. दुसऱ्याचे साधन जुने, रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारे. ते साधा र घेते, त्याचा पाय मोडते आणि मध्ये एक अदृश्य जोडक घालते. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे अक्षराला अक्षर ताडून पाहणारा शोध हात वर करतो. ‘ॲफिडेव्हिट’ची गत तीच: ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी अ आणि त्यावरचा चंद्र असे दोन तुकडे जोडावे लागत. फाइल सापडली नाही की ती पुन्हा टंकली जाते, आणि एका यादीच्या दोन याद्या होतात. त्यांतली खरी कोणती, हे पुढे कोणी सांगावे?

ऑपरेटरने नीट टंकायला शिकावे, असे यावर म्हटले जाते. मग इंग्रजीला ही शिस्त का नाही? तिथे मोठ्या आणि लहान अक्षरांचे संकेतांक वेगळेच असतात, तरी नाव कसेही लिहा, शोध ते काढून देतो. जी सवलत इंग्रजीला न मागता मिळते, ती मराठीने मागितली की अशुद्धलेखनाचे लाड ठरतात! दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. र आणि ऱ यांतला भेद शोधाने सोडला तर ‘दर्या’ शोधताना ‘दऱ्या’ही येतील. येऊ देत. दोन नावे समोर आली तर माणूस डोळ्यांनी निवडतो. एकही आले नाही तर निवडायचे काय? शिवाय फाइलच्या नावाला हात लावायचाच नाही, सवलत फक्त शोधापुरती. युनिकोडने ऱ ची फोड र अधिक नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशीच दिली आहे, तेव्हा शोधताना नुक्ता आणि जोडक बाजूला ठेवले की बरेचसे काम भागते. ‘ॲ’साठी एक वेगळा नियम लागेल, एवढेच.

आता सगळे मोबाइलवर आले, डेस्कटॉपची चिंता कशाला, असेही कोणी म्हणेल. कागदाचा फोटो मोबाइलवरून येतो हे खरे. पण अर्ज भरून त्याची प्रिंट निघते ती अजून टेबलावरच्या संगणकातूनच. डेस्कटॉप घडवणाऱ्यांची मेहनत मात्र रंगरूपावर फार जाते. २०१२ साली विंडोज ८ने स्टार्ट बटण काढले आणि वर्षभरात ते परत आणावे लागले. मराठी डेस्कटॉपच्या पुढच्या आवृत्तीत एकही मेनू नव्याने भाषांतरित झाला नाही तरी चालेल. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द दोन्ही पद्धतींनी टंकून पाहावा, आणि दोन्ही वेळा तीच फाइल समोर यावी.