सोय की उपकार?

मूळच्या जळगाव जिल्ह्यातील श्रीमती प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ७७३ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि २०१६ साली रेल्वेच्या लेखासेवेत त्यांना जागा मिळाली. परंतु त्या पूर्णतः अंध आहेत एवढ्या कारणावरून रेल्वेने त्यांना घेण्याचे नाकारले. पुढच्याच परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. हिशेब पाहण्यास जी व्यक्ती अपात्र ठरली, तिच्याच हाती पुढे महसुली कारभार सोपविण्यात आला. उणीव कोणाच्या दृष्टीत होती, हे वाचकांनीच ठरवावे.

खानदेशाने या यशाचे कौतुक केले, ते रास्तच होय. परंतु एकदा सिद्ध झालेली पात्रता प्रत्येक दिव्यांग उमेदवाराने दुसऱ्यांदा सिद्ध करीत बसावे काय?

१९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवाव्यात, नोकरीत असता अपंगत्व आलेल्यास काढू नये वा त्याचा दर्जा उतरवू नये, आणि काम करता यावे म्हणून वाजवी सोय करून द्यावी, असे हा कायदा सांगतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा संगणक किंवा तळमजल्यावरील एक टेबल, एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते. अशी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानेही विकास कुमार खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये ठामपणे मांडले.

सोयींचा खर्च परवडत नाही, असा आक्षेप काही मालक घेतील. आस्थापनेवर अवाजवी भार पडेल अशी सोय कायदाही मागत नाही. मात्र तो भार खरोखरच अवाजवी आहे, हे मालकाने हिशेब मांडून दाखविले पाहिजे. उमेदवाराकडे एक दृष्टिक्षेप टाकून ‘येथे जमणार नाही’ म्हणणे हा हिशेब नव्हे.

आमच्या जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ केंद्रात दिव्यांग तरुण स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. पण सर्वांनाच सरकारी जागा मिळणे शक्य नाही. त्यांच्यासाठी येथील पतसंस्था, सराफी पेढ्या, डाळ गिरण्या आणि पाइपांचे कारखाने यांची दारे उघडी आहेत काय? वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनीही समान संधीचे धोरण आखून द्यावयाच्या सोयी त्यात नमूद कराव्यात, संपर्क अधिकारी नेमावा आणि ते धोरण सर्वांना दिसेल असे प्रसिद्ध करावे, असा नियम आहे. तो प्रत्येक मालकाने स्वतःहून पाळावा आणि जिल्हा प्रशासनाने त्याची विचारपूस करावी, एवढीच आमची मागणी आहे.

‘अपंग’ हा शब्द टाकून ‘दिव्यांग’ म्हणावयास कवडीचाही खर्च आला नाही. खरी कसोटी कचेरीतील टेबल हलविताना लागणार आहे.