पत्र तिचं, आवाज दुसऱ्याचा

मैत्रिणींनो, पुस्तकावरून काढलेला सिनेमा बघितला की आपण हटकून म्हणतो, “पुस्तकच बरं होतं बाई!” पण जिला पुस्तक वाचताच येत नाही, तिनं काय म्हणायचं? याच प्रश्नापायी एका नावाजलेल्या लेखकानं चाळिशीच्या उंबरठ्यावर कॅमेरा हाती घेतला.

हे लेखक म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचे उस्मान सेम्बेन (१९२३–२००७). फ्रान्समध्ये मार्सेच्या गोदीत हमाली करता करता ते लिहू लागले. कादंबऱ्या गाजल्या, पण त्या फ्रेंचमध्ये. मायदेशातल्या बहुतेकांना फ्रेंच वाचता येत नव्हतं. तिथे रीत गोष्ट ऐकण्याची. बारशाला, लग्नाला ‘ग्रिओ’ म्हणजे पिढीजात कथेकरी येतात, घराण्याच्या हकिकती गाऊन सांगतात. त्यांत बायकाही असतात बरं का! आपणही पडद्यावरचे ग्रिओ व्हायचं, असं सेम्बेन यांनी ठरवलं. मॉस्कोला जाऊन ते सिनेमा शिकले.

१९६६ साली त्यांनी स्वतःच्याच कथेवर ‘ला न्वार द...’ हा तासाभराचा चित्रपट केला. डाकारची तरुण द्युआना मुलं सांभाळायला म्हणून एका फ्रेंच कुटुंबाकडे फ्रान्सला जाते. तिथे तिच्या वाट्याला येतात स्वैपाक, झाडलोट आणि बाईसाहेबांची बोलणी. फ्रान्स म्हणजे तिच्या लेखी एवढं एक घर!

एक दिवस आईचं पत्र येतं. द्युआनाला वाचता येत नाही, म्हणून मालक वाचून दाखवतात. मग तिच्या वतीनं उत्तरही तेच लिहायला बसतात. ती गप्प. शेवटी पत्र फाडून टाकते. पुढे ती जीव देते. मूळ कथेला आधार होता तो वर्तमानपत्रातल्या एका खऱ्या बातमीचा.

आणि या चित्रपटात द्युआनाच्या मनातलं बोलणं ऐकू येतं, तेही फ्रेंचमध्ये, एका हैतीच्या गायिकेच्या आवाजात! जिची गोष्ट, तिलाच तिची भाषा नाही.

ही उणीव १९६८ च्या ‘मंडाबी’त भरून निघाली. हीही त्यांचीच कथा, पण पात्रं बोलतात डाकारच्या वोलोफ भाषेत. ‘मंडाबी’ म्हणजे मनीऑर्डर. पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा भाचा डिएंगमामांना २५ हजार फ्रँकची मनीऑर्डर पाठवतो. बातमी कळताच मामांच्या दोघी बायका उधारीवर तांदूळ आणतात, शेजारीपाजारी उसने मागायला येतात. पोस्टात मात्र ओळखपत्र हवं. त्यासाठी जन्मदाखला हवा, फोटो हवा. शेवटी एक नातलगच सगळे पैसे गिळतो. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागत नाही!

सेम्बेन सिनेमाला रात्रशाळा म्हणत. गावोगावी चित्रपट नेऊन दाखवत आणि मग लोकांशी बोलत बसत.

हे चित्रपट जरूर मिळवून बघा. खाली इंग्रजी अक्षरं येतात; शेजारी बसलेल्या सासूबाईंना ती वाचता येत नसतील, तर मधूनमधून मराठीत सांगा. तेवढ्यापुरत्या तुम्हीच ग्रिओ!

आणि आणखी एक. कामाला येणाऱ्या बाईंचा अर्ज किंवा मोबाईलवरचा निरोप लिहून द्यायची वेळ आली, तर आधी विचारा, “तुम्हाला काय कळवायचंय?” त्या सांगतील तेवढंच लिहा. पदरचं शहाणपण घालू नका. मग लिहिलेलं त्यांना एकदा वाचून दाखवा, आणि त्या “बरोबर” म्हणाल्या की मगच पाठवा.