लेकीची सायकल, आपली स्कूटर

मैत्रिणींनो,

या आठवड्यात दोन पत्रं एकाच दिवशी हाती आली. एक लातूरचं, एक नांदेडचं. या दोघी एकमेकींना ओळखत नाहीत, पण दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली आणि वाटलं, यांना एकत्रच उत्तर द्यावं.

लातूरच्या भगिनी लिहितात, ‘मुलगी दहावीत आहे. पहाटे सायकलवर ट्यूशन एरियात जाते. परवा कपाट आवरताना तळाशी तिचा कुर्ता सापडला. कोपरावर फाटलेला, रक्ताचा डाग पडलेला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, आठ दिवसांपूर्वी गंजगोलाईजवळ मोटारसायकलचा धक्का लागून पडली होती. सांगितलं का नाही म्हणून विचारलं, तर म्हणते, तू सायकल बंद केली असतीस. आता सायकल काढून स्कूटी घेऊन द्यावी का?’

नांदेडच्या भगिनी शिक्षिका आहेत. ‘डबे, सासूबाईंचं औषध, सगळं उरकून निघायला रोज उशीर होतो. आयटीआय चौकाकडे सायकलवाली लेकरं तिघं-तिघं शेजारून चालतात. परवा एका मुलीच्या मागे जाऊन जोरात हॉर्न दाबला. ती दचकली, हँडल डगमगलं. पडली नाही, पण वरून मीच तिला रागावले. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता.’

आधी लातूरच्या ताईंना सांगते. सायकल बंद करू नका. पोरगी पडली यापेक्षा तिनं ते लपवलं, याची काळजी जास्त करा. डोक्याला मार लागला आणि नंतर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी सुरू झाली, तर तासाभराचा उशीरही महाग पडतो. अशा वेळी सरळ दवाखाना गाठावा, १०८ ला फोन करावा. पण मुलीनं सांगितलं तरच तुम्हाला कळणार ना? म्हणून आजच तिला जवळ बसवून सांगा, ‘पडलीस तर सांग. रागावणार नाही, सायकलही काढून घेणार नाही.’ आणि दिलेला शब्द पाळा.

स्कूटीचं म्हणाल, तर दहावीच्या मुलीला परवाना मिळत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशी शिक्षा आहे. तेव्हा तो विचार सोडा.

गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. हातगाड्या, रिक्षा, मोटारसायकली यांची तिथं सदा झुंबड. दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील, पण मुलीला आतला शांत रस्ता दाखवून द्या. रविवारी ब्रेक, घंटी, हवा तपासा. मागे रेडियमची पट्टी लावा. ओढणी खोचून गाठ मारायला सांगा, चेनमध्ये अडकते. मैत्रिणींसोबत जाताना एकीमागे एक चालायचं, गप्पा क्लासच्या दारात. ट्रक किंवा बस डावीकडे वळत असेल तर तिच्या डाव्या अंगाला कधीच घुसायचं नाही. तिथली सायकल ड्रायव्हरला दिसत नाही.

आता नांदेडच्या बाई. तुमचा राग त्या मुलीवर नव्हताच, घड्याळावर होता. भाजी रात्री चिरून ठेवा, औषधाची डबी काढून ठेवण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. सगळा संसार एकटीनं ओढायचा आणि त्याचा त्रागा रस्त्यावरच्या पोरीवर काढायचा, हे बरं नाही. दहा मिनिटं आधी निघालं की हॉर्न आपोआप कमी वाजतो. सायकलच्या अगदी मागे जाऊन हॉर्न देऊ नका, लांबूनच हलका द्या. ओलांडताना चांगलं दोन हात अंतर सोडा. समोरचा खड्डा चुकवायला ती अचानक उजवीकडे येऊ शकते. आणि लक्षात ठेवा, वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबायला चौपट अंतर लागतं.

घरात मोटार असेल तर यजमानांनाही एक सवय लावा. नेदरलँड्समध्ये दाराजवळच्या हातानं नव्हे, तर पलीकडच्या हातानं गाडीचं दार उघडायला शिकवतात. आपल्याकडे चालवणाऱ्यानं डाव्या हातानं उघडायचं. त्यानं अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

मैत्रिणींनो, आपली लेक कुणाच्या तरी स्कूटरपुढे असते आणि आपल्या स्कूटरपुढे कुणाची तरी लेक. उद्या सकाळी हॉर्नवर बोट जाईल तेव्हा एवढं आठवा.

तुमची,
ताई