नळ किती वाजता येतो?

बी.ए.चा निकाल लागला आणि महिन्याभरात लग्न होऊन मी सांगलीहून पुण्याला आले. त्याला आता चोवीस वर्षं होतील. पहिल्याच सकाळी मोठ्या जाऊबाईंनी मला एका दमात चार गोष्टी सांगितल्या. नळ साडेपाचला येतो. गॅसचा नंबर कोपऱ्यावरच्या दुकानातून लावायचा. समोरचे डॉक्टर पैसे फार घेतात, गल्लीच्या टोकाचे बरे. आणि मंडईत पहिला सांगतील तो भाव कधी द्यायचा नाही. एवढ्या चार गोष्टींवर माझा परक्या शहरातला पहिला महिना निभावला.

जाऊबाईंची ती सकाळ मला गेल्या दिवाळीनंतर पुन्हा आठवली. आमच्या सोसायटीच्या मागं नवी इमारत उठते आहे. दिवाळी झाली की तिथल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये नवी कुटुंबं येतात. काही नांदेड-लातूरकडची, काही छत्तीसगडची. त्यातली एक नांदेडकडची बाई पाण्याची कळशी घेऊन आमच्या वॉचमनशी हुज्जत घालत होती. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, मागं सात-आठ वर्षांची मुलगी. मी थांबले, बोलले. बोलता बोलता विचारलं, "धान्य कुठून आणतेस गं?"

"दुकानातून, ताई. उधारीवर देतो तो."

"रेशनकार्ड नाही का?"

"हाय की! पन ते गावाकडं. सासूजवळ. इथं कोन देतंय?"

आमच्या सोसायटीपासून चालत पाच मिनिटांवर रेशनचं दुकान आहे. ही बाई तीन वर्षं पुण्यात, दर सहा-आठ महिन्यांनी साइट बदलत राहतेय आणि तीन वर्षं किराणा दुकानातून विकतचा गहू-तांदूळ खातेय. महिन्याला पाचशे-सहाशे रुपये, म्हणजे तिची एका दिवसाची पूर्ण मजुरी. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तिच्या वाट्याचं धान्य तिला इथंही मिळतं, आणि तेही फुकट.

'एक देश, एक रेशनकार्ड' ही योजना ऑगस्ट २०१९ मध्ये चार राज्यांत सुरू झाली. त्यात आपला महाराष्ट्र पहिल्या दिवसापासून होता. जून २०२२ पर्यंत देशातलं प्रत्येक राज्य तिच्यात आलं. अन्नसुरक्षा यादीत नाव असलेल्या माणसाला देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगून, अंगठा लावून आपला वाटा घेता येतो. कार्ड हातात असायची गरज नाही. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून त्याला पैसे पडत नाहीत. मग अडलं कुठं?

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आधी स्वतःला विचारावा लागला. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या बायकांच्या गटानं अशाच वस्त्यांमध्ये पीठ, डाळ, तेल, मीठ वाटलं होतं. लोक आमचं कौतुक करत होते, आम्हालाही बरं वाटत होतं. पण 'तुमचं रेशनकार्ड आहे का आणि ते कुठं आहे' हा साधा प्रश्न मी तेव्हा एकाही घरात विचारला नाही. पिशवी दिली की माझं काम संपत होतं. ती पिशवी आठ दिवसांत संपली. हा प्रश्न विचारला असता तर काही घरांना पुढची वर्षानुवर्षं धान्य मिळालं असतं.

त्याच दिवसांत, ८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघालेली ही माणसं थकून रुळांवरच झोपली होती. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आणि हळहळलो. 'यांच्यासाठी काहीतरी केलं पाहिजे' असं सगळेच म्हणाले. त्यानंतर योजना आल्या, नाही असं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल आलं, असंघटित कामगारांची नोंदणी सुरू झाली आणि आज तिचा आकडा तीस कोटींच्या वर आहे. पण कागदावरची योजना आणि पत्र्याच्या खोलीतली बाई यांच्यामध्ये 'नळ किती वाजता येतो' हे सांगणारं माणूस लागतं. ते कुणी नेमलेलंच नाही.

ती जागा रिकामी मात्र राहत नाही. नव्या माणसाला पहिली माहिती देतो तो मुकादम. गावाकडून त्यानंच आणलेलं असतं, उचलही त्यानंच दिलेली असते. दुसरा किराणा दुकानदार, ज्याची उधारी वहीत चढत जाते. तिसरा फॉर्म भरून देणारा एजंट, जो फुकटच्या नोंदणीचे पाचशे रुपये घेतो. यातला प्रत्येक जण वाईट असतो असं मी म्हणणार नाही. अडीनडीला हेच उभे राहतात. पण बाईला रेशन कळलं की दुकानदाराचं गिऱ्हाईक कमी होतं. तिला आपला हक्क कळला की मुकादमाचा शब्द हलका होतो. जिच्या अज्ञानावर ज्याचं चालतं, त्याच्याकडूनच तिनं माहिती मिळवायची, अशी ही व्यवस्था आहे.

बाईच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. बांधकामावर काय, ऊसतोडीवर काय, मजुरी बऱ्याचदा जोडीची ठरते. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणतात. हिशोब नवऱ्याच्या नावानं. बांधकाम कामगार म्हणून मंडळाकडे नोंद व्हायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दिवसभर विटा आणि वाळूची पाटी डोक्यावर वाहणाऱ्या बाईचं नावच कुठल्या वहीत नसेल तर दाखला कुणी द्यायचा? त्यामुळे नोंदणीतून मिळणारे लाभ तिच्या वाट्याला येत नाहीत. आली तर ती 'कामगाराची पत्नी' म्हणून.

कायद्याचंही असंच. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला. तो आता नव्या श्रमसंहितेत सामावला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. ठेकेदाराशिवाय स्वतःहून आलेला मजूरही आता व्याख्येत धरला आहे, ही चांगली सुधारणा. पण शब्द 'आंतरराज्य' असा आहे. छत्तीसगडहून आलेली बाई त्यात बसते. नांदेडहून, म्हणजे साडेचारशे किलोमीटरवरून आलेली तिची शेजारीण बसत नाही, कारण तिनं राज्याची हद्द ओलांडलेली नाही. पत्रा एकच, घाम एकच, नियम मात्र दोन.

आता आमच्या त्या नांदेडकरणीचं काय झालं ते सांगते, कारण त्यातून मी जास्त शिकले. मला वाटलं, नियम सांगितला की झालं. तिला घेऊन रेशन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आमचा कोटा आमच्या कार्डांना पुरत नाही." मी म्हटलं, भाऊ, यंत्रावर नंबर टाकून तर बघा. नाव आलं. मग तिचा अंगठा लागेना. सिमेंट-वाळूत काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या. एक बोट, दुसरं बोट, शेवटी पाचव्या वेळेला लागलं. आणि यंत्रानं सांगितलं, या महिन्याचं धान्य गावी उचललं गेलंय.

सासूबाईंनी उचललं होतं. कार्डावर पाच नावं: सासू-सासरे, नवरा, ही आणि मुलगी. महिन्याला पंचवीस किलो. त्यातलं हिच्या घराचं पंधरा किलो इतकी वर्षं गावातच राहत होतं. संध्याकाळी तिनं फोन लावला. पलीकडून सासूबाई कडाडल्या, "आता म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास काढता व्हय?" ती रडवेली झाली. मी फोन हातात घेतला. त्यांना म्हटलं, "आत्या, तुमचे दहा किलो तुमचेच आहेत, त्याला कुणी हात लावत नाही. नातीला इथं उधारीचे तांदूळ खावे लागतात, एवढंच सांगते." बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "मला वाटलं, शहरात लई पैसा मिळतो त्यांना."

शेवटी दोघींनीच तोड काढली. पंधरा किलो गावाकडं, दहा किलो इथं. वाटा असा तोडून घेता येतो, हे त्या दोघींना माहीत नव्हतं आणि त्या दिवसापर्यंत मलाही नव्हतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात ती धान्याची पिशवी घेऊन मला दाखवायला आली.

शाळेचंही तसंच. मुलगी घरी का, विचारलं तर म्हणाली, दाखला नाही म्हणून शाळेनं परत पाठवलं. मी शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ ची झेरॉक्स घेऊन गेले. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मुख्याध्यापिका काही दुष्ट नव्हत्या, त्यांना 'मूल चार महिन्यांत निघून जाणार' ही काळजी होती. पण चार महिनेही शाळाच. नाहीतर मुलगी धाकट्या भावाला सांभाळत बसते. ती आता जाते. धाकट्याला अंगणवाडीत घातलं.

हे लिहिलं की मला एक प्रश्न नक्की विचारला जातो, आमच्या भिशीतही विचारला गेला: "आपल्याच लोकांना मिळत नाही, बाहेरच्यांचं काय घेऊन बसलीस?" याला माझं उत्तर असं. एक तर यातली निम्मी माणसं आपल्याच मराठवाड्यातली. दुसरं, त्यांच्या नावाचं धान्य सरकारनं मंजूर केलेलंच आहे, ते फक्त दुसऱ्या दुकानात उचललं जातं. आणि तिसरं, 'बाहेरची' म्हणजे कोण? २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित मोजले गेले. त्यात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आणि त्यांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न! मैत्रिणींनो, त्या यादीत तुम्ही-मी पण आहोत.

करता येतं, हे केरळनं दाखवलंय. तिथं या मजुरांना सरकारी भाषेतही 'अतिथी कामगार' म्हणतात. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी 'आवाज' ही आरोग्यविमा योजना आली आणि 'चंगाती' नावाचा मल्याळम शिकवण्याचा उपक्रमही सुरू झाला. आपल्या पुण्यातही 'डोअर स्टेप स्कूल' बांधकामांवरच्या मुलांसाठी १९९३ पासून काम करतंय. पण सगळं संस्थांवर सोडून कसं चालेल? प्रत्येक वॉर्ड ऑफिसात दिवाळीनंतरचे दोन महिने एक मदतीचं टेबल आणि प्रत्येक साइटच्या फाटकावर मराठी-हिंदीत एक फलक, एवढं महापालिकेनं आणि बिल्डरांनी करायला काय हरकत आहे? बाईची हजेरी तिच्या नावानं लिहायला तर एक पैसाही लागत नाही.

तोपर्यंत आम्ही पाच जणी रविवारी संध्याकाळी तासभर त्या साइटवर बसतो. नव्या बाईला या गोष्टी सांगतो. तुम्हीही तुमच्या मागच्या साइटवर सांगू शकाल:

रेशन – कार्डाचा किंवा आधारचा नंबर सोबत ठेवा, पहिल्या आठवड्यात जवळच्या दुकानात जा. ई-केवायसी झालीय का ते विचारा. मुलांच्या आधारचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्यानं द्यावे लागतात.

गरोदर बाई – महापालिकेच्या दवाखान्यात लवकर नाव घाला. लसीकरण कुठंही मोफत, गावचा पत्ता आड येत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००.

मुलं – सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखल्याविना शाळा, सहाच्या आतल्यांना अंगणवाडी.

काम – ई-श्रमची नोंद मोफत आहे, चौकशीला १४४३४. नवऱ्याची आणि बायकोची हजेरी वेगवेगळी लिहून घ्या.

संकटात – रुग्णवाहिका १०८, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

मागच्या रविवारी आम्ही पोचायच्या आधीच ती नांदेडकरीण एका नव्या पोरीजवळ बसली होती. पोरगी कालच आलेली, बावरलेली. मी जवळ गेले तर हिचंच चालू होतं, "टँकर सात वाजता येतो. उधारी करू नको. अन् कार्डाचा नंबर पाठ हाय का तुला?"

मी काही बोलले नाही, बाजूला बसले. मला माझ्या जाऊबाई दिसल्या.